लॉकडाऊनमध्ये प्रायव्हेट पायलट काय करत होते आणि मोठ्या गॅपनंतर परत कसं उडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२०च्या सुरुवातीला पीपीएल म्हणजे खाजगी पायलटचं लायसन्स हातात आलं, महिन्याभरात लॉकडाऊन लागला, मग घरचं आजारपण, वडिलांचा धंदा यात उडणं सुटलं ते सुटलंच. आता परत सुरू करायचंय. काका, तुम्ही जुनी मंडळी लॉकडाऊनमध्ये नक्की काय करत होतात, विमानांचं काय केलंत, मी कुठून सुरुवात करू, आणि पहिल्याच फ्लाईटला आईला घेऊन गेलो तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. नाही. पहिल्या फ्लाईटला आई नको, दुसऱ्यालाही नको. शेजारी घरचं माणूस बसलं की आपण हवामान बघताना, लँडिंग बिघडल्यावर परत वर जायचं का ते ठरवताना, प्रत्येक वेळी थोडं थोडं तिच्यासाठी ठरवतो, आणि सराव तुटलेल्या पायलटने नेमकं तेच करायचं नसतं. आई थांबेल.

आता बाकीचं. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तो काळ कसा होता ते सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू, २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन आणि देशांतर्गत प्रवासी विमानंही बंद, ती सुरू झाली थेट २५ मे ला, आणि मुंबईतून तेव्हा दिवसाला फक्त २५ टेकऑफ आणि २५ लँडिंग. एअरलाईनची ही गत, तर आपल्यासारख्या हौशी लोकांना कोण विचारतोय. खाजगी उड्डाणाचा वेगळा आदेश शोधत बसायची गरजच नव्हती. क्लबला कुलूप, इंधनवाला नाही, विमानाच्या कागदावर सही करणारा एएमई म्हणजे विमानाचा इंजिनिअर डोंबिवलीला अडकलेला आणि लोकल बंद. १५ जूनला लोकल सुरू झाल्या त्या पण अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, सगळ्यांना चढायला मिळालं ते १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरलेल्या वेळांतच. एअरपोर्ट एंट्री पास खिशात असून उपयोग काय, नाक्यावरच्या हवालदाराला काय सांगणार, साहेब जरा विमान बघून येतो?

शिवाय आपल्याकडे गाडी काढली आणि निघालो असं उडता येतच नाही, हे ज्यांनी पीपीएल केलेलं नाही त्यांना माहीत नसतं. जुहूवरून धुळ्याला जायचं असलं तरी आधी फ्लाईट प्लॅन टाकायचा, मग एडीसी म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर घ्यायचा, मग एफआयसी म्हणजे फ्लाईट इन्फर्मेशन सेंटरचा नंबर, मग टॉवरशी बोलणं, आणि हे सगळं जुळेपर्यंत मुंबईत ढग खाली आलेले असतात. ही साखळी म्हणजे बऱ्याच लोकांचं काम आहे, ते सगळे घरी बसले की तुमचं लायसन्स कितीही व्हॅलिड असू दे.

अमेरिकेत मात्र खाजगी उड्डाणावर सरसकट बंदी नव्हती. एअरलाईन थांबल्याने मोठमोठे एअरपोर्ट ओस पडले आणि तिथले सेसनासारखी छोटी विमानं उडवणारे लोक एरवी ज्यांच्या जवळपास फिरकायची सोय नसते अशा रनवेंवर लो अॅप्रोच करून (खाली येऊन न उतरताच परत वर जाऊन) व्हिडिओ टाकत होते. आम्ही पार्ल्यात बसून ते बघायचो. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोला.

आणि त्यात भर म्हणजे हवा. मुंबईत हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी मेटार म्हणजे एअरपोर्टचा हवामान रिपोर्ट वाचला तर व्हिजिबिलिटी ३००० मीटर आणि पुढे हेझ किंवा स्मोक हे ठरलेलं, आपल्याला व्हीएफआरला म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडायला ५ किलोमीटर लागतात, म्हणजे निम्मे प्लॅन तिथेच रद्द. एप्रिल २०२० मध्ये गाड्या थांबल्या, बांधकामं थांबली आणि गच्चीवरून बोरिवली-येऊरकडच्या डोंगराच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ दिसायला लागल्या. तिकडे जालंधरहून धौलाधारच्या रांगा दिसल्याचे फोटो फिरत होते. म्हणजे इतक्या वर्षांत व्हीएफआरसाठी सगळ्यात चांगली हवा, आणि सगळे पायलट खाली भांडी घासतायत.

पार्ले म्हणजे एका बाजूला सांताक्रूझचं मोठं एअरपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला जुहू, इथे विमानाचा आवाज नाही असा तास नसतो. तो गेला. अधूनमधून कार्गो, मेपासून वंदे भारतवाली विमानं, जुहूकडून एखादं हेलिकॉप्टर, बाकी शांत. ३ मे ला एअरफोर्सचा फ्लायपास्ट झाला, हॉस्पिटलांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली, तेव्हा आख्खी सोसायटी गच्चीवर होती आणि मला प्रत्येकजण विचारत होता की हे कुठलं विमान.

त्याच दिवसांत आणखी एक प्रश्न फार यायचा, अजूनही येतो: तुम्ही खाजगी पायलट लोकांनी औषधं, पीपीई किट का नाही पोचवली, अमेरिकेत तर पोरं पोचवत होती. बरोबर आहे, तिकडे छोट्या गावांच्या हॉस्पिटलांना खाजगी पायलटांनी खरंच सामान नेऊन दिलं. पण त्यांच्याकडे गावोगावी धावपट्टी आहे. आपल्याकडे सेसना १७२ घे, पूर्ण इंधन भरलं आणि दोन माणसं बसली की सामानाला उरतात साधारण साठ-सत्तर किलो. म्हणजे चार खोके. एवढ्यासाठी एडीसी, एफआयसी, दोन्हीकडचा स्टाफ, उतरल्यावर परत टेम्पो. तोच टेम्पो मुंबईहून थेट का नको जाऊ दे. लाईफलाईन उडान नावाने एअर इंडिया, एअरफोर्स, पवन हंस यांनी ते काम केलं आणि त्यांनीच करायला हवं होतं. आमच्यातल्या काहींना वाईट वाटायचं, पण हौशी माणसाने उगाच सिस्टीमवर भार न टाकणं हीसुद्धा तेव्हाची मदतच होती असं माझं स्पष्ट मत आहे.

आता विमानं. इथे जरा वेळ घेतो कारण तुझ्यासारख्या भाड्याने तास घेऊन उडणाऱ्या लोकांना हे कोणी सांगत नाही, आणि तू ज्या विमानात परत बसणार आहेस ते कदाचित याच काळातून गेलेलं आहे.

लोकांना वाटतं उभ्या विमानाला काय होतंय. उभ्या विमानालाच होतं. जुहू समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खारी हवा, जूनपासून चार महिने सगळं ओलं. आपल्या ट्रेनर विमानांत बहुतेक वेळा लायकमिंगचं इंजिन असतं, आणि त्यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला बसवलेला असतो. इंजिन चालू असताना त्याच्यावर ऑईल उडत राहतं. बंद करून ठेवलं की काही दिवसांत ते निथळून खाली जातं आणि कॅम उघडा पडतो. मग गंज धरतो, आधी नुसती लालसर झाक, मग बारीक खड्डे. बाहेरून काही कळत नाही, इंजिन झकास स्टार्ट होतं, पण पुढच्या पन्नास-शंभर तासांत ते खड्डे टॅपेटला (कॅमला टेकून व्हॉल्व्ह हलवणारा भाग) खातात आणि ऑईल फिल्टर कापून बघितला की धातूचे कण सापडतात. मग खर्च किती येतो ते विचारू नकोस.

यावर आपल्याकडचा आवडता उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन दहा मिनिटं इंजिन चालवून यायचं. हे करू नये. लायकमिंग स्वतः सांगतं की जमिनीवर चालवणं हा उड्डाणाला पर्याय नाही. इंधन जळलं की पाणी तयार होतं, ते ऑईलमध्ये जातं, त्याला उडवून लावायचं तर ऑईल किमान ७४ डिग्री सेल्सिअसच्या वर जाऊन तिथे बराच वेळ राहायला हवं, साधारण तासभराचं उड्डाण. जमिनीवर दहा मिनिटांत ऑईल कोमट होतं, पाणी आणि अॅसिड आतच राहतं, म्हणजे आपण आठवड्याला आत ओलावा भरून येतो. प्रॉपेलर हाताने फिरवून ठेवणं हा दुसरा लाडका प्रकार, त्यालाही लायकमिंग नको म्हणतं, उरलीसुरली ऑईलची फिल्म पुसली जाते. शिवाय मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या भागाची) वायर सैल असेल तर इंजिन पेटून हात जाईल तो वेगळाच.

बरोबर पद्धत म्हणजे प्रिझर्वेशन. विमान महिनाभर किंवा जास्त उभं राहणार हे माहीत असेल तर गंजरोधक ऑईल भरून इंजिन चालवायचं, सिलिंडरमध्ये ते फवारायचं, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलवाले प्लग लावायचे जे ओल धरली की निळ्याचे गुलाबी होतात, एक्झॉस्ट आणि ब्रीदर बंद करायचे आणि कॉकपिटमध्ये मोठी पाटी टांगायची की स्टार्ट करू नका. २५ मार्चला हे करायला वेळ कोणाला मिळाला? सगळ्यांना वाटलं २१ दिवसांचा प्रश्न आहे. १४ एप्रिल आला, मुदत वाढली, मग परत वाढली, आणि तोपर्यंत इंजिनिअरला बोलवायची सोय नव्हती. ज्यांचे मालक किंवा इंजिनिअर एअरपोर्टच्या जवळ राहात होते आणि पास मिळवू शकले त्यांची विमानं वाचली, बाकीच्यांचं नशीब.

दुसरी गोष्ट पिटो ट्यूब. पंखाखाली जी बारीक नळी असते, जिच्यात हवा शिरून स्पीड कळतो. कुंभारीण माशी तुला माहीत असेल, खिडकीच्या चौकटीला मातीचं घर करते ती. तिला बोटाच्या टोकाएवढं भोक दिसलं की झालं. एक दुपार पुरते. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बिर्जेनएअरचं बोईंग ७५७ पडलं, १८९ माणसं गेली, ते विमान आधी वीसेक दिवस पिटोला कव्हर न घालता उभं होतं आणि तपासात संशय याच जातीच्या माशीच्या घरट्यावर आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या ईएएसए या विमान सुरक्षा संस्थेने मुद्दाम इशारा दिला की पार्क करून ठेवलेली विमानं परत उडवताना स्पीड चुकीचा दाखवायच्या घटना वाढल्यात. मोठ्या कंपन्यांच्या विमानांत हे होत होतं, तर आपल्या क्लबच्या विमानाचं कव्हर कुठल्या कपाटात आहे ते कोणाला माहीत.

म्हणून एक सवय लाव, टेकऑफ रोलमध्ये स्पीडच्या डायलवर नजर टाकून मोठ्याने बोलायचं, एअरस्पीड अलाईव्ह. काटा हलत नसेल तर पॉवर बंद, ब्रेक, परत. जुहूची धावपट्टी १,१०० मीटरच्या थोडी वर आहे, आपल्या विमानाला सुरुवातीलाच थांबायला भरपूर, पण उशिरा ठरवलंस तर नाही.

बाकी भराभर सांगतो. टाकीत अर्धंच इंधन ठेवलं तर वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा गार होऊन पाणी धरतं, म्हणून शक्य असेल तर फुल करून ठेवायची आणि परत काढताना सगळ्या ड्रेनमधून सँपल घ्यायचं, अॅव्हगॅस १०० एलएल निळं असतं, पाणी खाली बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं, आणि सगळाच ग्लास पाण्याचा आला तर काहीच वेगळं दिसत नाही म्हणून रंग बघायचा. बॅटरी काढून ठेवायची. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, महिन्यातून एकदा विमान थोडं ढकलायचं. काऊलिंगमध्ये म्हणजे इंजिनच्या झाकणात साळुंकीची घरटी. वायरिंग घुशी खातात, जुहूत तर फारच. आणि सॅनिटायझर! तेव्हा लोक सगळ्यावर सॅनिटायझर मारत होते, विमानाची पुढची काच ही काच नसून अॅक्रिलिक असते, अल्कोहोल लागलं की तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि मग संध्याकाळच्या उन्हात समोरचं काही दिसत नाही. काच धुवायला साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड, बस.

मग वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, मुंबई थोडक्यात वाचली. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला तौक्ते, तेव्हा मुंबईचं एअरपोर्ट कितीतरी तास बंद होतं आणि शहरात ताशी १०० किलोमीटरच्या वर झोत होते. आता हा आकडा नॉटमध्ये कर, ५४ येतो. सेसना १७२ फ्लॅप न सोडता साधारण ४८ नॉटला स्टॉल होतं, त्याहून कमी वेगाला पंख विमान उचलून धरत नाहीत. म्हणजे नाक वाऱ्याकडे करून उभं असलेलं रिकामं साडेसातशे किलोचं विमान अशा वाऱ्यात जागेवरच उडायचा प्रयत्न करतं, त्याला खाली धरून ठेवतात फक्त दोर. म्हणून दोर जुने नकोत, दोन पंख आणि शेपटी अशा तिन्ही ठिकाणी, कंट्रोल लॉक घातलेला, आणि हँगरमध्ये जागा मिळत असेल तर कोणाच्या हातापाया पडून पण आत. तौक्तेच्या आदल्या दिवशी आमच्यातले जे पोचू शकले ते दोर बघून आले, बाकीचे घरून फोन करत होते, दुसरा लॉकडाऊन चालू होता ना.

आता पायलटचं काय. मला यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, लॉकडाऊन स्वतः धोक्याचा नव्हता, धोक्याचे होते त्यानंतरचे पहिले काही आठवडे, कारण कागद सगळे व्हॅलिड होते आणि माणसं तयार नव्हती. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाने संपत आलेल्या लायसन्स आणि मेडिकलना मुदतवाढ दिली, अमेरिकेत एफएए या तिथल्या नियामकाने पण ३० एप्रिल २०२० ला तसाच खास नियम आणला. दुसरा इलाजच नव्हता, मेडिकल करणारे डॉक्टर कोविड वॉर्डात होते. पण मुदतवाढ तारखेला मिळते, तुझ्या हाताला मिळत नाही.

आणि गंमत म्हणजे हात फारसं विसरत नाहीत. सरळ उडवणं, वळणं, ट्रिम लावणं हे दहा मिनिटांत परत येतं, आणि तिथेच माणूस फसतो, वाटतं अरे आपल्याला सगळं येतंय. जे जातं ते म्हणजे क्रम आणि त्याचा वेग. डाऊनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडताना) कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा) कधी, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) कधी, टॉवरने अचानक ऑर्बिट (गोल चक्कर) मारायला सांगितलं तर त्या वेळात कुठलं काम अर्धं राहिलं. अमेरिकेत नासा एएसआरएस नावाची गोपनीय रिपोर्टिंग सिस्टीम चालवते, तिथे या काळात एअरलाईनच्या अनुभवी पायलटांनी स्वतःहून लिहिलं की सराव तुटल्यामुळे चुकलो, स्पीड मोजणाऱ्या सेन्सरना बर्फापासून वाचवणारं स्विच टाकायचंच राहिलं वगैरे. हजारो तास उडलेली माणसं, रोजचं स्विच. तुझे तास किती, चाळीस-पन्नास?

घरी बसून यावर काय करता येतं? चेअर फ्लाईंग. खुर्चीत बसायचं, समोर कॉकपिटचा फोटो मोठा प्रिंट करून भिंतीला, आणि जुहूच्या पार्किंगपासून परत पार्किंगपर्यंत पूर्ण सर्किट (टेकऑफ, धावपट्टीभोवती फेरी, लँडिंग) मोठ्याने बोलत करायचं, हात त्या त्या जागी न्यायचा, रेडिओवरचे दोन्ही बाजूंचे संवाद पण आपणच बोलायचे. घरच्यांना वेड लागल्यासारखं वाटतं, वाटू दे. मी जुहूच्या सर्किटला नेहमी एक गोष्ट जोडतो: सांताक्रूझचा मोठा रनवे आणि जुहूचा रनवे जवळजवळ एकाच दिशेला आहेत, त्यामुळे १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाईन्सचं डीसी-८ चुकून जुहूवर उतरलं होतं. प्रोफेशनल लोक चुकले. म्हणून चेअर फ्लाईंगमध्ये खालच्या खुणा पण बोलायच्या, समुद्र कुठे, मोठा रनवे कुठल्या हाताला.

सिम्युलेटरबद्दल मतभेद आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाईट सिम्युलेटर आला आणि निम्मे पायलट हिमालयात फिरायला गेले. दिसायला सुंदर आहे, एक्स-प्लेनही चांगलं आहे, पण माझ्या मते सिमचा उपयोग क्रम, नॅव्हिगेशन आणि इन्स्ट्रुमेंट स्कॅन एवढ्यापुरता. लँडिंगची सवय सिमवर लावू नये. खुर्चीत बुडाला विमानाची हालचाल कळत नाही, फ्लेअरला म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलताना डोळ्याच्या कडेने जी जमीन वर येताना दिसते ती स्क्रीनवर नसते, आणि नुसतं स्क्रीनकडे बघायची सवय लागली की खऱ्या विमानात बाहेर बघायचं राहून जातं. व्हीएफआर पायलटने बाहेर बघायचं असतं, बाकी सगळं नंतर.

तब्येतीचं एक. त्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि सगळ्यांना ९४ की ९६ हे कळायला लागलं. पायलटसाठी तोच आकडा उंचीचा आहे, दहा हजार फुटांवर प्रेशर नसलेल्या विमानात धडधाकट माणसाचं सॅच्युरेशनसुद्धा नव्वदच्या आसपास येतं. कसारा ओलांडून धुळ्याला जाताना आपण तेवढे वर जात नाही, पण ज्याच्या फुप्फुसाला कोविडने मार बसलाय त्याच्याकडे राखीव कमी असतं, आणि कमी ऑक्सिजनची मजा अशी की माणसाला बरंच वाटत असतं. म्हणून तुला किंवा कोणालाही मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर मेडिकल एक्झामिनरपासून लपवू नकोस, क्लास टूचं सर्टिफिकेट खिशात असलं तरी. लसीच्या वेळी मार्च २०२१ मध्ये डीजीसीएने सांगितलं होतं की डोस घेतल्यावर ४८ तास उडायचं नाही, काही लोकांनी तेव्हा कुरकुर केली, मला तरी नियम योग्य वाटला, दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलेला पायलट कोणाला हवाय.

मास्कचं पण सांगून ठेवतो, परत कधी वेळ आली तर. सेसना १५२ मध्ये इन्स्ट्रक्टर आणि तुझा खांदा एकमेकांना चिकटलेला असतो, दोन गज की दूरी विसरा. आम्ही करायचो ते असं: ब्रीफिंग बाहेर मोकळ्यावर, खिडकीचे व्हेंट उघडे, हेडसेट ज्याचा त्याचा, कोणाचा उसना नाही. मास्कवर माईक आला की आवाज घोगरा होतो आणि टॉवर दर वेळी से अगेन म्हणतो, माईकचा फोम मास्कला जवळजवळ टेकवला तर बरं ऐकू जातं. चष्मेवाल्यांनी मास्कच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावायची, फायनलवर म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात चष्म्यावर वाफ आली तर काय होतं ते सांगायला नको.

आता तू कुठून सुरुवात करायची. आधी कागद: मेडिकल, लायसन्सची स्थिती, रेडिओचं लायसन्स. मधल्या काळात कायदा बदललाय, १९३४ च्या एअरक्राफ्ट अॅक्टच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, रेडिओच्या लायसन्सचं म्हणजे आरटीआरचं काम पण दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडून डीजीसीएकडे आलं, तेव्हा जुन्या नोट्सवर विसंबू नकोस, किती उड्डाण झालं तर करंट म्हणजे सरावात धरतात ते आजच्या सीएआरमध्ये म्हणजे डीजीसीएच्या नियमांत स्वतः वाच, क्लबच्या कट्ट्यावर ऐकलेलं नको.

मग पुस्तक. विमानाचं मॅन्युअल काढ, स्पीड पाठ कर, चेकलिस्ट हाताने वहीत लिहून काढ. पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास चेअर फ्लाईंग. हे फुकट आहे आणि विमानातला प्रत्येक तास हजारोंचा, तेव्हा गणित तूच कर.

मग इन्स्ट्रक्टर. त्याला खरं सांग किती वर्षांची गॅप आहे, आणि असं सांग की मला चेक नको, ट्रेनिंग हवंय, यात फरक आहे, चेक म्हटलं की दोघांनाही लवकर संपवायचं असतं. पहिल्या सॉर्टीला म्हणजे उड्डाणाला सर्किट मारूच नका. ट्रेनिंग एरियात जाऊन संथ उडणं, स्टॉल, स्टीप टर्न, मग पॉवर काढून फोर्स्ड लँडिंगची तयारी. दुसऱ्यांदा सर्किट, आणि त्यात ठरवून निम्मे गो-अराऊंड. गॅपनंतर लोकांना लँडिंगची भीती असते म्हणून ते लँडिंगच घासत बसतात, पण बिघडलेलं लँडिंग वेळेत सोडून परत वर जाणं हे जास्त महत्त्वाचं आणि त्याचा सराव आधी जातो. पुढे टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर काय हे इन्स्ट्रक्टरसोबत बोलून आणि करून. रेडिओ सगळा तूच सांभाळ. इन्स्ट्रक्टर म्हणाला की सोलो जा आणि तुला वाटलं अजून नको तर नाही म्हण, पैसे गेले तर गेले.

सोलो सुरू झाल्यावर स्वतःची मर्यादा नियमापेक्षा कडक ठेव. नियम ५ किलोमीटर म्हणत असेल तर तू ८ ठेव. क्रॉसविंड म्हणजे धावपट्टीला आडवा वारा पाच-सहा नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी वडापाव खा आणि घरी जा. सूर्यास्ताच्या बेताने परत यायचे प्लॅन नकोत, मुंबईत संध्याकाळी धूर खाली बसतो आणि पश्चिमेला तोंड करून उतरताना सगळं पिवळं दिसतं. सुरुवात ऑक्टोबरनंतर कर, पावसाळ्यात चार दिवस उडणं आणि दोन आठवडे थांबणं यात पैसे आणि उत्साह दोन्ही संपतात. मुंबईतच हट्टाने करायची गरज पण नाही, धुळे किंवा बारामतीसारख्या ठिकाणी आठवडाभर जाऊन राहिलास तर कमी ट्रॅफिकमध्ये रोज उडता येईल, जुहूत हेलिकॉप्टरांच्या मधून वेळ काढता काढता अर्धा दिवस जातो.

आणि क्लबमध्ये पहिल्याच दिवशी टेक लॉग (विमानाच्या उड्डाणांची आणि देखभालीची वही) बघायला माग. शेवटचं उड्डाण कधी, मधे किती उभं होतं, उभं असताना इंजिनचं काय केलं होतं, शेवटचा ऑईल फिल्टर कापला तेव्हा काही निघालं का. चांगला इंजिनिअर या प्रश्नांवर खूश होतो आणि दहा गोष्टी जास्तीच्या सांगतो. दर आठवड्याला दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायचो असं उत्तर आलं तर दुसरं विमान माग.